पुण्यातून डायनोसॉरकालीन जीवाश्मांच्या शोधात: कुठे जावे, काय ओळखावे आणि काय जागेवरच ठेवावे

भूस्तर (धागाकर्ता)

पुण्यात राहून दगडांची हौस असणाऱ्या माणसाला एक प्रश्न हमखास विचारला जातो: आपल्या आसपास डायनोसॉरची हाडे सापडतात का? उत्तर "नाही" असेच आहे. मात्र त्या नकारामागचे कारण नीट समजले तर पुढचा सगळा शोध सोपा होतो, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

आपला काळा पाषाण (बेसाल्ट) म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांतून बाहेर पडलेल्या लाव्हाचे एकावर एक साचलेले थर आहेत. हाडाचा जीवाश्म व्हायचा असेल तर ते कुजण्याआधी गाळाखाली गाडले जावे लागते, आणि तप्त लाव्हात ती संधीच मिळत नाही. दोन लाव्हाप्रवाहांच्या मधल्या काळात कुठे तळी साचली असतील तर त्यांच्या गाळात जीव टिकून राहतात. मुंबईत वरळी आणि मलबार हिलच्या अशा थरांतून बेडूक आणि कासवे मिळालेली आहेत. आपल्या घाटरस्त्यांच्या कापांत मात्र दोन प्रवाहांच्या मध्ये बहुतेक ठिकाणी तांबड्या भाजलेल्या मातीचा पट्टाच दिसतो. खूप खोल गेलो तर लाव्हाच्या आधीचा गाळ लागेल, अशी आशाही धरता येत नाही. कोयना परिसरात घेतलेल्या खोल विवरांत बेसाल्ट संपल्यावर थेट ग्रॅनाइटच्या जातीचा प्राचीन पाया लागला, आणि किल्लारीच्या विवरात ३३८ मीटर बेसाल्टखाली गाळाचा थर मिळाला तो जेमतेम ८ मीटरचा.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. कॅनडातील अल्बर्टा किंवा अमेरिकेतील मोंटाना येथील बॅडलँड्सची छायाचित्रे पाहून आपल्याकडचे अनेक उत्साही लोक घळींनी फाटलेली उघडी जमीन शोधू लागतात, आणि ती संगमनेरजवळ प्रवरेच्या काठी मिळतेही. परंतु जमिनीचा आकार आणि खडकाचे वय या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. पाणी मऊ गाळ कोरते, तो गाळ कोणत्या काळातला आहे याच्याशी पाण्याला काही देणेघेणे नसते. म्हणून घराबाहेर पडण्यापूर्वी भूवैज्ञानिक नकाशा उघडावा आणि क्रिटेशस किंवा ज्युरासिक या डायनोसॉरांच्या काळातला गाळाचा खडक कुठे उघडा पडला आहे ते पाहावे.

महाराष्ट्रात असा खडक विदर्भात आहे. चंद्रपूर जिल्ह्याच्या वरोरा तालुक्यात पिसदुरा आणि डोंगरगाव या गावांच्या परिसरात लमेटा थर उघडे पडतात. लाव्हा येण्याच्या आधी आणि तो येऊ लागण्याच्या सुमारास नद्या व तळ्यांत साचलेला हा गाळ आहे. पिसदुऱ्याच्या हाडांवरून पुराजीवशास्त्रज्ञ लायडेकर यांनी १८७९ मध्ये टायटॅनोसॉर या लांब मानेच्या शाकाहारी डायनोसॉरची एक जात वर्णिली होती. डोंगरगावच्या टेकडीवर भारतीय सांख्यिकी संस्थेच्या अभ्यासकांना मिळालेल्या सांगाड्याचे वर्णन १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्या प्राण्याला २००३ मध्ये आयसीसॉरस हे नाव मिळाले. गडचिरोलीत सिरोंचा तालुक्यातील वडधम येथे ज्युरासिक काळातील खडकांवर वनविभागाचे जीवाश्म उद्यान आहे. राज्याबाहेर गेल्यास गुजरातमधील बालासिनोरजवळचे रैयोली, मध्य प्रदेशातील धार जिल्हा, ज्युरासिक अमोनाइटांसाठी (चक्राकार कवचाच्या सागरी जीवांसाठी) कच्छ आणि तमिळनाडूतील अरियलूर व पेरांबलूर हे जिल्हे आहेत. पेरांबलूर जिल्ह्यातील काराई येथे घळींचा आकार आणि खडकाचे वय या दोन्ही गोष्टी जुळून येतात. तिथल्या क्रिटेशस सागरी मातीच्या उघड्या घळींत जिप्समच्या शिरा चमकतात आणि बेलेम्नाइट या माखलीसारख्या सागरी प्राण्यांचे बोटाएवढे तुकडे उतारावर मोकळे पडलेले असतात. जवळच्या सातनूर गावात १८ मीटरहून लांब अश्मीभूत वृक्षखोड जागेवरच जपले आहे.

या धाग्यावर शोध, ओळख आणि नोंद यांविषयी चर्चा व्हावी. माझे मत आधीच स्पष्ट करतो: हौशी माणसाचे काम पाहण्याचे आणि नोंदण्याचे आहे, उपटून घरी आणण्याचे नाही.

घाटमाथा

अतिशय उपयुक्त धागा आहे. पुरंदरच्या बाजूला चढताना मी बरेचदा नारळाएवढे, जवळजवळ अचूक गोल दगड मातीत अर्धे रुतलेले पाहिले आहेत. काहींचा वरचा पापुद्रा सुटून आतून तसाच गोल गाभा दिसतो. आमच्या गटातील एका ज्येष्ठ मित्रांची खात्री आहे की ही अंडी आहेत. ती अंडी नाहीत हे त्यांना कसे पटवून द्यावे?

भूस्तर

आपल्या मित्रांना वाटणे स्वाभाविक आहे, कारण कांद्यासारखे पापुद्रे सुटत जाणारे बेसाल्टचे गोळे खरोखरच फसवे दिसतात. थंड होताना बेसाल्टला सांधे पडतात, त्या सांध्यांतून पाणी शिरते, ठोकळ्याचे कोपरे आधी झिजतात आणि शेवटी गोल गाभा उरतो. तो फुटला तर आतबाहेर तोच काळा, बारीक स्फटिकांचा दगड दिसेल. आमच्याकडे अंडी म्हणून दाखवायला आणलेली दुसरी वस्तू म्हणजे बेसाल्टच्या पोकळीत तयार झालेली गारगोटी. तिच्या आत क्वार्ट्झचे किंवा झिओलाइटचे स्फटिक असतात.

टायटॅनोसॉरचे खरे अंडे साधारण १५ ते २० सेंटीमीटर व्यासाचे असते आणि ते अंडे असल्याचा पुरावा गोलाईत नसून कवचात असतो. भिंगाखाली कवचाचा तुटका काठ पाहिला तर एक ते काही मिलिमीटर जाडीची, आतून बाहेर उभ्या पंख्यांसारख्या स्फटिकांनी बनलेली पट्टी दिसते, आणि बाहेरच्या पृष्ठभागावर बारीक गाठी असतात. कवच नसेल तर अंडे म्हणू नये. ऑक्टोबर २०२० मध्ये पेरांबलूर जिल्ह्यात तळे खोदताना निघालेल्या मोठ्या गोलाकार दगडांची छायाचित्रे "डायनोसॉरची अंडी" म्हणून देशभर फिरली. ते अमोनाइटांभोवती साचलेल्या खनिजांचे गोळे असल्याचे तज्ज्ञांनी नंतर स्पष्ट केले. क्रिटेशस खडकांच्या प्रदेशातही अशी गफलत होते, तर बेसाल्टच्या प्रदेशात संशयाला जागाच ठेवू नये.

गाळाचा_अभ्यासक

प्रवरेच्या घळींचा उल्लेख झाला म्हणून थोडी भर घालतो, कारण त्या जागेला डायनोसॉर नसल्याच्या कारणाने कमी लेखू नये असे मला वाटते. प्रवरा, गोदावरी, कुकडी आणि कऱ्हा या नद्यांच्या काठचा गाळ चतुर्थक काळातला आहे. त्याचे वय डायनोसॉरांच्या तुलनेत अगदी अलीकडचे आहे. परंतु त्यात आदिमानवाची दगडी हत्यारे आहेत, रानबैल आणि हत्ती यांच्या कुळातील प्राण्यांचे अवशेष आहेत, आणि जुन्नर तालुक्यातील बोरी व कऱ्हाकाठचे मोरगाव येथे ज्वालामुखीच्या राखेचा थरही आहे. नेवासे येथे पुरातत्त्वज्ञ सांकलियांनी केलेल्या कामामुळे हा प्रदेश जगाच्या नकाशावर आला. पुण्यातील डेक्कन कॉलेजमध्ये या गाळाचा अभ्यास अनेक दशके चालला आहे. तेव्हा पुण्याच्या जवळपास घळीत हाड दिसले तर ते डायनोसॉरचे नाही म्हणून लाथेने बाजूला सारू नये. जागेवर ठेवून छायाचित्र घ्यावे आणि डेक्कन कॉलेजला कळवावे.

बाणेरकर

मी काही वर्षे अल्बर्टातील कॅलगरीत नोकरीनिमित्त होते आणि त्या काळात ड्रमहेलर आणि डायनोसॉर प्रांतिक उद्यान या दोन्ही ठिकाणी वारंवार जाणे झाले. तिथली शोधाची पद्धत इथेही उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहिते.

रेड डिअर नदीच्या खोऱ्यातील त्या टेकड्यांच्या मातीत ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेली बेंटोनाइट माती असते. कोरडी असताना तिचा पृष्ठभाग लाह्यांसारखा फुललेला असतो, आणि पाऊस पडला की तीच माती इतकी निसरडी होते की उतारावर उभे राहता येत नाही. माती फुगते, सुकते, भेगाळते आणि दरवर्षी काही मिलिमीटर झिजते, त्यामुळे आज ज्या उतारावर काही नाही तिथे काही वर्षांनी हाडाचे टोक बाहेर आलेले असू शकते. वाटाडे आम्हाला आधी टेकडीच्या पायथ्याशी पाहायला सांगत. पाण्याने वाहून आणलेले बारीक तुकडे तिथे साचतात. एकाच रंगाचे तुकडे दिसू लागले की मान खाली घालून त्यांच्या मागोमाग उतार चढत जायचे, आणि तुकडे जिथे संपतात तिथेच किंवा त्याच्या जरा वर बहुधा हाडाचा मूळ थर सापडतो.

तुकडा हाडाचा की लोहयुक्त दगडाचा, हे रंगावरून कळत नाही, कारण दोन्ही तपकिरी असतात. तुटलेला भाग सूर्याकडे तिरका धरला की हाडात जाळीदार छिद्रे दिसतात, बाहेरची कड दाट आणि आतला भाग स्पंजासारखा असतो. ओल्या जिभेला टेकवला तर त्या छिद्रांमुळे तुकडा चिकटतो. तिथे एक विशेष गोष्ट शिकायला मिळाली: नारिंगी रंगाची दगडफुले आसपासच्या खडकापेक्षा हाडावर अधिक जोमाने वाढतात, म्हणून अनुभवी लोक दुरून त्या ठिपक्यांकडेच पाहतात. माझ्यासमोर एका वाटाड्याने असा नारिंगी डाग दाखवला. जवळ जाऊन पाहिले तर तळहाताएवढा मणक्याचा अर्धा भाग मातीत रुतलेला होता, त्याच्या कडेला गवताची मुळे शिरली होती आणि छिद्रांत बारीक वाळू अडकलेली होती. त्यांनी त्याला हात लावला नाही.

तिथला कायदाही समजून घेण्यासारखा आहे. अल्बर्टात जीवाश्म सरकारच्या मालकीचे असतात. उद्यानांच्या बाहेर, जमीनमालकाच्या परवानगीने, पृष्ठभागावर सुटा पडलेला जीवाश्म सामान्य माणूस उचलू शकतो; पण तो त्याचा मालक होत नाही, केवळ राखणदार होतो, आणि परवान्याशिवाय तो प्रांताबाहेर नेता येत नाही. खणायचे असेल तर परवानगी केवळ तज्ज्ञांनाच मिळते. मोंटानात वेगळी स्थिती आहे. खाजगी जमिनीतला जीवाश्म जमीनमालकाचा असतो, तर केंद्र सरकारच्या जमिनीवर पृष्ठवंशीय प्राण्यांचे अवशेष उचलण्यास २००९ च्या कायद्याने परवाना आवश्यक केला आहे.

भूस्तर

मोंटानाच्या संदर्भात एक जोड देतो. तिथल्या हेल क्रीक थरांत टी-रेक्सची हाडे मिळतात, आणि तो प्राणी तिथे वावरत होता त्याच काळाच्या अखेरीस आपल्याकडे दख्खनचा लाव्हा वाहू लागला होता. आपण पर्वतीच्या पायऱ्या चढताना ज्या दगडावर पाय ठेवतो तो आणि हेल क्रीकच्या सर्वांत वरच्या थरांतली हाडे यांच्या वयात भूविज्ञानाच्या हिशेबाने फारच थोडे अंतर आहे. मला स्वतःला पुण्यात राहून या विषयाचे वेड लागले त्याला हेच कारण झाले.

वर्धाकाठ

माझे मूळ गाव वरोरा तालुक्यात आहे, सध्या हडपसरला राहतो. आनंदवनामुळे आमचे वरोरा सर्वांना ठाऊक आहे, पिसदुरा मात्र फारच थोड्यांना. धागाकर्त्यांच्या "जागेवरच ठेवावे" या मताशी मी पूर्ण सहमत नाही, आणि त्याची कारणे लिहितो.

पिसदुऱ्याची जमीन अल्बर्टासारखी ओसाड नाही. ती पिकाखालची शेती आहे. लालसर चिकण मातीत हाडांचे तुकडे आणि अश्मीभूत विष्ठेचे गोळे नांगराच्या फाळाला लागतात. शेतकरी इतर दगडांबरोबर ते वेचून बांधावर टाकतो, कारण त्याला पेरणी करायची असते. ट्रॅक्टर आल्यापासून नांगरट खोल जाऊ लागली आहे. आपण जागेवर ठेवा म्हणता, पण पुढच्या हंगामात ती जागाच उरणार नाही. अशा वेळी एखाद्या जाणत्या माणसाने तुकडा उचलून घरी सांभाळला तर त्याने नुकसान केले की उपकार?

भूस्तर

आपला मुद्दा वजनदार आहे आणि त्याला एका वाक्यात उत्तर देणे योग्य होणार नाही.

आधी जागेचे मोल किती असते याचे एक उदाहरण देतो. गुजरातमधील ढोली डुंगरी येथे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे धनंजय मोहबे यांना १९८४ मध्ये डायनोसॉरची अंडी आणि त्यांच्यालगत लहान हाडे असलेला खडक मिळाला. १९८७ मध्ये त्यांनी त्याचे वर्णन केले तेव्हा ती सारी हाडे पिल्लाची समजली गेली होती. तो खडक संग्रहात अखंड राहिला, म्हणूनच २००१ मध्ये पुन्हा तपासणी झाली तेव्हा त्यात सापाचे मणके असल्याचे लक्षात आले. २०१० मध्ये जगाला कळले की सुमारे साडेतीन मीटर लांबीचा तो साप, सनाजेह इंडिकस, फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळे घालून, नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाशेजारी गाडला गेला होता. कुणी त्यातले सुबक अंडे तेवढे छिन्नीने सुटे करून दिवाणखान्यात ठेवले असते, तर हा प्रसंग कायमचा पुसला गेला असता. त्या खडकात अंडे, साप आणि पिल्लू यांपैकी कोणत्याही एका वस्तूपेक्षा त्यांचे एकमेकांजवळ असणे मोलाचे होते.

आता पिसदुऱ्याविषयी. थरात घट्ट बसलेला अवशेष आणि नांगराने वर आलेला सुटा तुकडा यांत फरक करायला हवा, हे मला मान्य आहे. सुट्या तुकड्याने थरातले नेमके स्थान आधीच गमावलेले असते, तरी शेत गमावलेले नसते. पिसदुऱ्याच्या अश्मीभूत विष्ठेत गवताच्या पेशींतले सिलिकाचे सूक्ष्म कण मिळाल्याचा शोध २००५ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि डायनोसॉरांच्या काळात गवते होती हे त्यातून सिद्ध झाले. तोपर्यंत बहुतेक अभ्यासक गवताचा उगम त्यानंतरचा मानत. ज्या गोळ्यांना शेतकरी बांधावर भिरकावतो त्यांतून हे निघाले. पण हा पुरावा पुरावा ठरला कारण ते गोळे कोणत्या गावचे, कोणत्या थरांतले हे माहीत होते. कुणाच्या कपाटात नावगाव नसलेला गोळा असेल तर त्यातून असे काहीही सांगता येणार नाही.

म्हणून माझी भूमिका थोडी सविस्तर मांडतो. थरात असलेल्या वस्तूला हात लावू नये, मग ती पुढच्या पावसात जाईल असे वाटले तरी. त्या वेळी त्वरेने तज्ज्ञांना कळवणे हेच आपले काम. बांधावर टाकलेल्या किंवा नांगराने उलथलेल्या सुट्या तुकड्यांच्या बाबतीत शेतकऱ्याच्या संमतीने राखणदार व्हायला माझी हरकत नाही. मात्र अट अशी की तुकड्याबरोबर त्याची नोंद असावी आणि तो शेवटी संस्थेकडे जावा. बाणेरकर यांनी सांगितलेली अल्बर्टाची पद्धत मला याच कारणाने पटते.

वर्धाकाठ

हा फरक मला मान्य आहे. नोंद म्हणजे नेमके काय लिहावे?

भूस्तर

तुकडा जिथे दिसला तिथेच, हलवण्यापूर्वी, दोन छायाचित्रे घ्यावीत. एक जवळून, शेजारी पट्टी ठेवून. दुसरे पंधरावीस पावलांवरून, ज्यात बांध, झाड, विहीर अशी ओळखीची खूण येईल. फोनवरचे अक्षांश-रेखांश वहीत हाताने उतरवून घ्यावेत, कारण छायाचित्र इकडून तिकडे पाठवताना त्यातली माहिती बहुधा गळून पडते. विदर्भात त्यासोबत सातबाऱ्यावरचा गट क्रमांक जरूर लिहावा. पन्नास वर्षांनी झाड नसेल, विहीर बुजलेली असेल, पण गट क्रमांकावरून शेत शोधता येईल. माती कोणत्या रंगाची, तुकडा सुटा की रुतलेला, आसपास आणखी काय पडले होते आणि तारीख, एवढे त्यात हवे. तुकडा कागदात गुंडाळून एका पिशवीत एकच ठेवावा आणि चिठ्ठी आत टाकावी. धुऊ नये, ब्रशने घासू नये, फेव्हिकॉल तर मुळीच लावू नये.

चिठ्ठीचे महत्त्व किती, याचा दाखला भारतातल्या पहिल्याच डायनोसॉरने दिला आहे. ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून आपण ज्याला ओळखतो त्या स्लीमन यांना १८२८ मध्ये जबलपूरला हाडे मिळाली. ते लष्करी अधिकारी होते, भूवैज्ञानिक नव्हते. ती हाडे हातोहात कलकत्त्याला पोचली, १८७७ मध्ये लायडेकर यांनी त्यांवरून टायटॅनोसॉरस इंडिकस हे नाव दिले, आणि पुढे ती हरवली असेच मानले जाऊ लागले. २०१२ मध्ये त्यांतला एक मणका कोलकात्यात भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहात पुन्हा ओळखला गेला. संग्रहातली नोंद आणि जुनी चित्रे नसती तर तो इतर हाडांच्या गर्दीत तसाच पडून राहिला असता.

हौशी माणसांचा या विषयातला वाटा मोठा आहे, हेही इथे सांगितले पाहिजे. नागपूरला हिस्लॉप नावाचे मिशनरी होते, ज्यांच्या नावाचे महाविद्यालय आजही तिथे आहे. त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात पिसदुऱ्यापर्यंत जाऊन जीवाश्म गोळा केले. आपल्या काळात धार जिल्ह्यातले शिक्षक विशाल वर्मा यांनी नर्मदेच्या खोऱ्यात वर्षानुवर्षे पायपीट करून अंड्यांच्या जागा शोधल्या. दिल्ली विद्यापीठाच्या अभ्यासकांबरोबर त्यांचेही नाव असलेला २०२३ चा शोधनिबंध ९२ घरटी आणि २५६ अंडी यांची माहिती देतो. इतकी घरटी मोजता आली, कारण अंडी जमिनीतच होती.

कायदेपान

वकिलीच्या अनुभवातून काही बाबी स्पष्ट करते. डिसेंबर २०२२ मध्ये खाण मंत्रालयाने भूवारसा स्थळे आणि भू-अवशेष यांच्या संरक्षणासाठी विधेयकाचा मसुदा सूचनांसाठी प्रसिद्ध केला, यावरून तोवर जीवाश्मांसाठी स्वतंत्र कायद्याची उणीव होती हे उघड आहे. म्हणून "कायदा नाही, मग उचलायला काय हरकत" असा अर्थ कुणी काढू नये. भारतीय वन अधिनियम १९२७ मधील वनउपजाच्या व्याख्येत वनातील खडक आणि खनिजेही येतात. राखीव वनातून विनापरवाना दगड उचलणे हा गुन्हा आहे, मग तो दगड जीवाश्म असो वा नसो. राष्ट्रीय उद्याने आणि अभयारण्ये यांना वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ लागू होतो. खाजगी शेतात मालकाच्या संमतीविना शिरणे हा अतिक्रमणाचा विषय आहे. पेरणी झालेल्या शेतात तर संमती असली तरी पाय ठेवू नये.

प्रश्नचिन्ह

माझा मुलगा पाचवीत आहे आणि त्याला या विषयाचे फार वेड आहे. प्रदर्शनांत "डायनोसॉरचा दात" म्हणून डबीत घातलेल्या वस्तू मिळतात. त्या घेऊन द्याव्यात का? आणि पुण्यात त्याला खरा जीवाश्म हातात घेऊन कुठे पाहता येईल?

बाणेरकर

दात घेऊ नयेत, असे मी सांगेन. बाजारातल्या पुष्कळशा दातांत टोक एका दाताचे, मूळ दुसऱ्याचे आणि मधली जागा वाळू व डिंकाने भरलेली असते. खरा असला तरी तो कुठून निघाला हे विक्रेत्याला सांगता येत नाही, आणि मुलाला आपण पहिल्याच दिवशी नोंद नसलेली वस्तू जमवायला शिकवतो.

भूस्तर

मुलासाठी दोन गोष्टी सुचवतो. आपल्या किंवा आजोळच्या देवघरात शाळिग्राम असेल तर वडीलधाऱ्यांना विचारून त्याला तो दाखवावा. गंडकी नदीतून येणाऱ्या ज्या शाळिग्रामात चक्र दिसते ते ज्युरासिक समुद्रातील अमोनाइटाचे कवच असते. पुण्यातील किती घरांत डायनोसॉरांच्या काळातला जीवाश्म रोज गंध-तुळस घेत आहे, याचा मला फार आनंद वाटतो. श्रद्धेने वस्तू जपल्या जातात, हे धारजवळही दिसले. तिथे पाडल्या गावातील लोक शेतात मिळालेल्या गोल दगडांची पिढ्यान्पिढ्या पूजा करत होते आणि ते टायटॅनोसॉरची अंडी असल्याचे अलीकडे निष्पन्न झाले.

दुसरे म्हणजे, आघारकर संशोधन संस्थेत पुराजीवशास्त्राचे काम चालते आणि फर्ग्युसन महाविद्यालयात भूशास्त्र विभाग आहे. आधी पत्र पाठवून, वेळ ठरवून जावे. आगाऊ विचारून येणाऱ्या मुलांना तिथे आपुलकीने दाखवतात, असा माझा अनुभव आहे.

वर्धाकाठ

काल काकांशी बोललो. बांधावरच्या ढिगात तसे गोळे आहेत, असे त्यांनी सांगितले आणि एक छायाचित्र पाठवले. लिंबाएवढा, एका टोकाला निमुळता, तपकिरी गोळा आहे आणि त्याच्यावर आडव्या खाचा दिसतात. मात्र त्यांना एक भीती आहे. हे सरकारला कळले तर शेत जाईल का, असे त्यांनी विचारले. गावात बऱ्याच जणांना हीच धास्ती आहे, आणि त्यामुळे लोक बोलत नाहीत.

कायदेपान

काकांना सांगावे की संस्थेला छायाचित्र पाठवल्याने जमिनीच्या मालकीला धक्का लागत नाही. भूसंपादन करायचे झाल्यास त्याची स्वतंत्र कायदेशीर प्रक्रिया असते, त्यात नोटीस, सुनावणी आणि मोबदला हे टप्पे येतात. अभ्यासकांच्या भेटीने ती प्रक्रिया सुरू होत नाही. अभ्यासक शेतात येणार असतील तर काकांनी हंगाम, वेळ आणि अटी लेखी ठरवून द्याव्यात. तो त्यांचा अधिकार आहे.

भूस्तर

वर्णनावरून ती अश्मीभूत विष्ठा असण्याची शक्यता आहे, पण छायाचित्रावरून निर्णय देणे योग्य नाही, कारण मातीतले चुनखडीचे गोळेही हुबेहूब असे दिसू शकतात. काकांनी तो ढीग आहे तसा ठेवावा आणि त्यात दुसऱ्या शेतातले दगड मिसळू देऊ नयेत, एवढे आत्ता पुरे. गट क्रमांक आणि छायाचित्रे भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयाला किंवा नागपूर विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला पाठवावीत. वर्धेहून किंवा नागपूरहून वरोरा फार लांब नाही, तेव्हा पीक निघाल्यावर त्यांना येणे सोयीचे होईल. आपण इथे टाकणार असाल त्या छायाचित्रातून गावाचे स्थान काढून टाकावे, आणि गट क्रमांक धाग्यावर लिहू नये. रैयोलीला कुंपण घालावे लागले ते बघ्यांनी तुकडे उचलून नेल्यामुळेच.

वर्धाकाठ

समजले. छायाचित्र इथे टाकत नाही. काका तयार झाले आहेत, फक्त कापूस वेचून होईपर्यंत कुणी शेतात येऊ नये अशी त्यांची अट आहे. पत्राचा मसुदा आज रात्री लिहून आपल्याला व्यक्तिगत निरोपातून पाठवतो. त्यात काही राहिले असल्यास कृपया सुचवावे.